पुटपुटणाऱ्यांचे गद्य

मी तीस वर्षे कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवले आणि त्यांपैकी निदान पंचवीस वर्षे एक गोष्ट चुकीची शिकवली. जॉन विक्लिफ हा इंग्रजी गद्याचा जनक; त्याने बायबल इंग्रजीत आणले; त्याच्या अनुयायांना लॉलर्ड म्हणत; पुढे त्यांचा छळ झाला. येथे टिपण संपत असे आणि चॉसर सुरू होई. चॉसरवर हमखास प्रश्न येतो आणि विक्लिफ आलाच तर 'थोडक्यात टिपा लिहा' या सदरात येतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक होते आणि मलाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, विक्लिफनं लिहिलेलं एखादं इंग्रजी वाक्य सांगता का?" मी म्हणालो, उद्या सांगतो. तो उद्या काही उगवला नाही. घरी येऊन पुस्तके काढून बसलो तेव्हा लक्षात आले की, निःसंशय विक्लिफचे म्हणता येईल असे एकही इंग्रजी वाक्य आज कोणाला दाखवता येत नाही.

त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर म्हणूनच मी हा लेख लिहीत आहे. पण केवळ चूक दुरुस्त करण्यापुरताच हा प्रश्न राहत नाही. गद्याला जनक असावा लागतो, साहित्यकृतीच्या मागे एक नामवंत प्रतिभा उभी असावी लागते, हे माझे आणि माझ्या पिढीतल्या बहुतेक समीक्षकांचे गृहीत होते. ते गृहीत या पुटपुटणाऱ्या लोकांनी माझ्यापुरते तरी मोडीत काढले.

विक्लिफ स्वतः कसा होता? यॉर्कशरमध्ये जन्मलेला, ऑक्सफर्डमध्ये मुरलेला, तर्कशास्त्र कोळून प्यालेला पंडित. त्याने जे लिहिले ते लॅटिनमध्ये, आणि ते लॅटिनही असे की, वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडावा. जो ईश्वरी कृपेत नाही त्याला खरी सत्ता नाही, मग तो पोप का असेना; धर्माच्या बाबतीत अंतिम प्रमाण शास्त्रग्रंथ; आणि मिस्सेत धर्मगुरूने मंत्र म्हटला तरी भाकर ही भाकरच राहते. पहिल्या सिद्धान्तावर इंग्लंडचे उमराव खूश होते, कारण चर्चच्या जमिनींवर त्यांचा डोळा होता. तिसऱ्या सिद्धान्ताबरोबर मात्र त्याचे वजनदार पाठीराखे दूर सरले. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचे बंड झाले, त्यात कँटरबरीच्या आर्चबिशपचेच मुंडके उडाले. पुढल्या वर्षी लंडनला ब्लॅकफ्रायर्स येथे धर्मसभा बसली आणि तिने विक्लिफच्या मतांपैकी चोवीस मते दोषी ठरवली. सभा चालू असतानाच भूकंपाचा धक्का बसला. तो आपल्याच बाजूचा कौल आहे असे दोन्ही पक्षांनी सांगितले. विक्लिफला कोणी हात लावला नाही. लटरवर्थ या गावच्या आपल्या चर्चमध्ये तो राहिला आणि १३८४ च्या अखेरच्या दिवशी अंथरुणावर मेला. शिक्षा झाली ती हाडांना. कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१५ मध्ये त्याला पाखंडी ठरवले आणि १४२८ मध्ये ती हाडे उकरून, जाळून, राख स्विफ्ट नदीत टाकण्यात आली. हे काम ज्याच्या अधिकारात झाले तो लिंकनचा बिशप रिचर्ड फ्लेमिंग. पाखंडाला उत्तर देणारे विद्वान तयार व्हावेत म्हणून आदल्याच वर्षी त्याने ऑक्सफर्डमध्ये एक कॉलेज काढले होते.

मग इंग्रजी गद्याचा हा जनक आला कोठून? तो एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी घडवला. टॉमस आर्नल्ड (कवी मॅथ्यू आर्नल्डचा धाकटा भाऊ) याने १८६९ ते १८७१ या काळात विक्लिफचे निवडक इंग्रजी लेखन म्हणून तीन खंड काढले. हस्तलिखितांवर नाव नसे. मते विक्लिफची दिसली की मजकूर विक्लिफचा, असा एकूण न्याय होता. प्रॉटेस्टंट इंग्लंडला एक मूळपुरुष हवा होता, तो मिळाला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ॲन हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हस्तलिखिते एकेक करून तपासली, तेव्हा जनक नाहीसा झाला आणि त्याच्या जागी माणसांचा घोळका उभा राहिला. नावे नसलेली, एकमेकांचे लेखन तपासणारी, प्रती करणारी, त्या प्रतींतल्या चुका पुन्हा पुन्हा दुरुस्त करणारी माणसे. त्यांच्या इंग्रजी प्रवचनांचा जो मोठा संग्रह हडसन आणि पामेला ग्रॅडन यांनी १९८३ ते १९९६ या काळात छापून आणला त्यात २९४ प्रवचने आहेत. एकाही प्रवचनावर कर्त्याचे नाव नाही.

ती प्रवचने मी वाचली. सगळी नव्हे, दीडशेच्या आसपास दमलो. रसिकतेने वाचावीत अशी ती नाहीत. मूळ वचन, त्याचा अर्थ, आणि मग भिक्षुसंन्याशांवर कोरडे, हा क्रम इतका ठरलेला की, पुढचे वाक्य आपणच सांगावे. दृष्टान्त नाही, गोष्ट नाही, विनोद नाही. प्रवचनात गोष्टी सांगून लोकांना रिझवणे हे भिक्षुसंन्याशांचे कसब, म्हणून यांनी ते सोवळ्याने टाळलेले. वाङ्मयाच्या दृष्टीने हा आत्मघातच. अलंकाराचा विटाळ मानणाऱ्या या लोकांनी इतके चांगले गद्य लिहिले तरी कोठे, हा प्रश्न मग उरतोच.

त्याचे पहिले उत्तर बायबलच्या भाषांतरात आहे. त्याआधी नावाबद्दल थोडे सांगायला हवे. 'लॉलर्ड' ही शिवी आहे. डच भाषेत पुटपुटणे या अर्थाचे एक क्रियापद होते, त्यावरून तोंडातल्या तोंडात प्रार्थना पुटपुटत हिंडणाऱ्यांना हा शब्द लागला. आपल्याकडे कुत्सितपणे 'टाळकुटे' म्हणतात तशातला प्रकार. लॅटिनमध्ये गव्हात उगवणाऱ्या एका तणाचे नाव याच्याशी जुळते, तेव्हा धर्मपीठाला श्लेषही आयता मिळाला. १३८२ मध्ये ऑक्सफर्डला हेन्री क्रम्प नावाच्या आयरिश संन्याशाने विक्लिफच्या मंडळींना हा शब्द लावला, आणि शांतताभंग केला म्हणून विद्यापीठाने निलंबित केले ते क्रम्पला! काही वर्षांतच वारे असे फिरले की, तो शब्द उच्चारणारा सुरक्षित आणि ज्याला उद्देशून उच्चारला तो सरणाच्या वाटेवर. चॉसरच्या यात्रेकरूंमधला खानावळवाला गरीब धर्मोपदेशकाला चिडवताना म्हणतो की, मला वाऱ्यावर लॉलर्डचा वास येतो आहे. धर्मोपदेशकाने फक्त शपथा घालू नका एवढेच म्हटलेले असते. चॉसरच्या मित्रमंडळींत या पंथाकडे ओढा असलेले सरदार होते. त्याने धर्मोपदेशकाला त्या आरोपाचे थेट उत्तर देऊ दिलेले नाही. ही सावधगिरी मी वर्षानुवर्षे 'चॉसरचा सौम्य विनोद' म्हणून शिकवीत असे.

आता भाषांतर. विक्लिफच्या नावाने ओळखले जाणारे बायबल दोन रूपांत आढळते. पहिले रूप शब्दाला शब्द ठेवणारे. लॅटिनमध्ये क्रियापद जेथे असेल तेथेच इंग्रजीतही. कर्ता कोण, कर्म कोण, हे वाचणाऱ्याने नशिबावर सोडायचे. दुसरे रूप १३९० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध झाले. ते बोलत्या इंग्रजीच्या वळणाचे आहे. त्याला जोडलेल्या प्रस्तावनेच्या पंधराव्या प्रकरणात आपण कसे काम केले हे त्या निनावी भाषांतरकाराने सांगितले आहे, आणि माझ्या मते भाषांतरविचाराची इंग्रजीतली ही पहिली खरी पाने आहेत. प्रथम अनेक जुन्या लॅटिन प्रती गोळा करून त्यांतून एक बरी शुद्ध प्रत तयार केली. मग भाष्यांच्या मदतीने ती नव्याने अभ्यासली. अवघड शब्दांसाठी जुने वैयाकरण आणि धर्मशास्त्री पाहिले. आणि अखेरीस आशय धरून भाषांतर केले व ते अनेक जाणत्या सोबत्यांकडून तपासून घेतले. सगळा मजकूर अनेकांनी मिळून केलेल्या कामाचा आहे.

त्यातला व्याकरणाचा भाग आपल्याला विशेष जवळचा वाटावा. संस्कृतात जशी सति सप्तमी, तशी लॅटिनमध्ये पंचमीसारख्या विभक्तीची एक रचना आहे. भाषांतरकार सांगतो की, ती इंग्रजीत जशीच्या तशी ठेवू नये. 'असताना', 'म्हणून', 'जर' किंवा 'नंतर' यांपैकी प्रसंगाला जे जुळेल ते घालून ती सोडवावी. म्हणजे भाषांतरकाराने अर्थ ठरवायचा आहे आणि ठरवण्याची जबाबदारीही घ्यायची आहे. पुढे तो शब्दक्रमाचे उदाहरण देतो. परमेश्वराचे शत्रू त्याला भितील, अशा अर्थाचे एक वचन आहे. लॅटिनमध्ये 'परमेश्वराला' हा शब्द आधी येतो, पण विभक्तीमुळे घोटाळा होत नाही. इंग्रजीत विभक्ती झिजलेली, त्यामुळे तोच क्रम ठेवला तर परमेश्वरच शत्रूंना भितो असे होऊन बसेल. शब्दनिष्ठा ठेवली तर देव भित्रा ठरतो. ज्याने कधी एक पानभर तरी भाषांतर केले आहे, त्याला या एका उदाहरणात त्या माणसाची सारी तळमळ दिसेल. तेथे वाङ्मयीन हौस नाही. खेड्यातल्या माणसाला देवाचे वचन चुकीचे कळले तर त्याचे पाप आपल्या माथी, ही भीती आहे. लॉलर्डांचे चांगले गद्य या भीतीतून आले, असे माझे मत आहे. अलंकार टाकणे येथे सौंदर्यविरोधी राहत नाही. नेमके तेच सांगण्याची शिस्त होते.

या बायबलच्या पूर्ण-अपूर्ण अशा अडीचशेहून अधिक हस्तप्रती आज शिल्लक आहेत. मध्ययुगीन इंग्रजीतल्या दुसऱ्या कोणत्याही कृतीच्या इतक्या प्रती उरलेल्या नाहीत. आणि हे केव्हा, तर ते पुस्तक बाळगणे हाच गुन्हा ठरू शकत असताना. १४०१ मध्ये पाखंड्यांना जाळण्याचा कायदा पार्लमेंटने केला आणि त्याच वर्षी विल्यम सॉट्री हा धर्मोपदेशक जाळला गेला. १४०९ मध्ये आर्चबिशप अरंडेलने नियमावली जाहीर केली: बिशपच्या किंवा प्रांतीय सभेच्या मान्यतेवाचून कोणी शास्त्रवचनाचे इंग्रजी भाषांतर करू नये आणि विक्लिफच्या काळात वा नंतर झालेले असे भाषांतर वाचूही नये. निकोलस वॉटसन यांनी १९९५ मध्ये असे मांडले की, या नियमावलीने इंग्रजी धार्मिक लेखनाचा झराच आटवला. मांडणी आकर्षक आहे. पण अडीचशे प्रतींचे काय करायचे? सहाव्या हेन्री राजाजवळही एक प्रत होती आणि ती त्याने लंडनच्या मठाला दिली. कायदा राजापाशी एक बोलत होता आणि शिंप्याकडे वेगळे. १४१० मध्ये जॉन बॅडबी या शिंप्याला स्मिथफील्डला जाळले. आग लागल्यावर युवराजाने त्याला बाहेर काढवून पुन्हा विचारले, तो नाही म्हणाला, आणि त्याला परत आगीत घातले.

येथे एक मराठी आठवण मध्येच येते. ज्या चर्चने इंग्लंडात इंग्रजी शास्त्रवचनावर पहारा बसवला, त्याच चर्चचा एक इंग्रज पुत्र, फादर टॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि बायबलची कथा त्याने दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत सांगितली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. काळ बदलला होता, हेतू वेगळा होता, हे सारे खरे. तरी लोकभाषेचे भय चर्चला सगळीकडे सारखेच वाटत नसे, एवढे यावरून दिसते.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा लेख लिहायला बसलो ते. विल्यम थॉर्प नावाच्या लॉलर्ड धर्मोपदेशकाला १४०७ मध्ये सॉल्टवुडच्या किल्ल्यात अरंडेलपुढे उभे केले गेले. त्या भेटीचा वृत्तान्त थॉर्पने स्वतः, प्रथमपुरुषी, इंग्रजीत लिहिला. पुढे थॉर्पचे काय झाले याचा पत्ता नाही. लेख मात्र हस्तलिखितातून टिकला आणि १५३० च्या सुमारास छापलाही गेला. हे एका बाजूचे कथन आहे आणि थॉर्पने स्वतःच्या तोंडी लांबलचक, निर्दोष उत्तरे घातली आहेत, यात शंका नाही. छळलेला माणूस नंतर एकटा बसून जी उत्तरे जुळवतो तशी ती आहेत, आणि मला त्यांतली निम्मी तरी कंटाळवाणी वाटतात. पण आर्चबिशप! तो कपाटावर मूठ आपटतो, शिव्या देतो, धमक्या देतो, मध्येच समजुतीच्या सुरात येतो, पुन्हा भडकतो. पुस्तकातली सगळी जिवंत वाक्ये त्याची आहेत. ज्याचा द्वेष करायचा त्याचा आवाज इतका अचूक ऐकणारा कान थॉर्पला होता, आणि ती देणगी नाटककाराची आहे.

तीर्थयात्रेचा वाद घ्या. थॉर्प तक्रार करतो की, यात्रेकरू उनाड गाणी म्हणत जातात, काही जण बॅगपाइप वाजवतात. गाण्याचा, पुंगीचा, कँटरबरीच्या घंटांचा आणि मागे भुंकणाऱ्या कुत्र्यांचा असा कल्लोळ होतो की, राजा आला तरी एवढा व्हायचा नाही. यावर आर्चबिशप म्हणतो ते असे: अनवाणी चालणाऱ्या यात्रेकरूचा अंगठा दगडाला ठेचकाळला आणि रक्त आले, तर त्याने किंवा सोबत्याने गाणे धरावे, बॅगपाइप वाजवावा, म्हणजे दुखणे विसरते आणि वाट सरते. त्यात वाईट ते काय?

मी पंढरीच्या वाटेवरच्या गावात वाढलो. आषाढात आमच्या दारावरून दिंड्या जात आणि टाचा फुटलेल्या म्हाताऱ्या टाळाच्या ठेक्यावर चालताना मी पाहिल्या आहेत. येथे माझे मत सरळ आर्चबिशपच्या बाजूने पडते. लॉलर्डांची वारकऱ्यांशी तुलना करण्याचा मोह मराठी वाचकाला होणारच. लोकभाषा, पंडितांचा विरोध, शिंपी-चांभारांचा भरणा, सगळे जुळते. पण मूर्ती आणि यात्रा या दोन गोष्टी काढून टाकल्या तर वारकरी उरत नाही, आणि याच दोन गोष्टींवर लॉलर्डांचा सर्वांत जास्त राग. शिवाय आपली लोकभाषा मुख्यतः ओवी-अभंगातून उभी राहिली, त्यांची गद्यातून. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'शी काही नाते लागेल. ते दुसऱ्या कोणी तपासावे. मला एवढेच नोंदवायचे आहे की, थॉर्पचा शत्रू आपली बाजू जिंकू शकतो, आणि थॉर्पने ते वाक्य खोडले नाही.

उलट दिशेने एक शोकान्तिका घडली. चिचेस्टरचा बिशप रेजिनल्ड पेकॉक याला वाटले की, लॉलर्डांना जाळण्यापेक्षा समजावून सांगावे. आणि समजावायचे तर त्यांच्याच भाषेत. त्याने भले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले, तर्कशास्त्राच्या संज्ञांसाठी इंग्रजी शब्द घडवले. चर्चचे रक्षण करायला निघालेल्या या माणसाने बुद्धीला इतके महत्त्व दिले की, १४५७ मध्ये चर्चने त्यालाच पाखंडी ठरवले. त्याने आपली मते मागे घेतली, त्याच्या पुस्तकांची होळी झाली, आणि त्याला थॉर्नीच्या मठात कोंडले. प्रार्थनेची काही पुस्तके आणि बायबल जवळ असू द्यावे, लिहिण्याचे साहित्य मात्र काहीही देऊ नये, असा हुकूम होता. पेकॉकचे गद्य किचकट आहे. पण त्याच्या वाक्यांत विचार करणाऱ्या माणसाची धाप ऐकू येते.

मात्र हे सारे लिहिणारे लोक होते. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे काय? त्यांचा आवाज न्यायालयाच्या दप्तरात आहे. नॉरिचचा बिशप विल्यम ॲनिक याने १४२८ ते १४३१ या काळात जे खटले चालवले, त्यांचे दप्तर नॉर्मन टॅनर यांनी १९७७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. दप्तर लॅटिनमध्ये आहे. साक्षीदार इंग्रजीत बोलत, कारकून लॅटिनमध्ये उतरवून घेई. मार्टमची मार्जरी बॅक्स्टर ही सुताराची बायको. १ एप्रिल १४२९ ला तिच्याविरुद्ध जोन क्लिफलंड या बाईने साक्ष दिली. दोघी शेकोटीजवळ शिवत बसल्या होत्या, जोनच्या मोलकरणी जवळ होत्या, तेव्हा मार्जरी जे जे बोलली ते जोनने सांगितले. हजार धर्मगुरू रोज हजार देव करतात, खातात, आणि मग त्या देवांचे पोटात काय होते ते सांगायला मार्जरी लाजली नाही. खरा क्रूस पाहायचा आहे का, म्हणून तिने विचारले, आणि दोन्ही हात पसरून ती उभी राहिली. रात्री माझ्या खोलीत ये, नवरा पुस्तकातून ख्रिस्ताचा कायदा वाचून दाखवतो, असे बोलावणेही दिले.

लॅटिनचा हा प्रवाह दोन-तीन ठिकाणी अचानक थांबतो आणि कारकून सरळ इंग्रजी लिहून जातो. मार्जरी मधमाशीविषयी बोलते तेव्हा. शपथ घालशील तर माशी जिभेला डसेल आणि विष आत्म्यात उतरेल, असे तिचे बोलणे. आणि लाकडाचे ओंडके तासून मूर्ती करणाऱ्या अडाणी सुतारांविषयी आणि त्यांवर रंग फासणाऱ्या रंगाऱ्यांविषयी बोलते तेव्हा. त्या कारकुनाला लॅटिन येत होते. मग येथेच तो का थांबला? पुराव्यासाठी मूळ शब्द हवे होते, असे इतिहासकार म्हणतील, आणि ते बरोबरही असेल. मला मात्र वाटते की, त्याला ते वाक्य सोडवेना. सुताराच्या घरातली बाई लाकडाचा देव कसा होतो ते सांगते आहे. तासणे, घडवणे हे शब्द तिच्या अंगणातले आहेत. त्यांचे लॅटिन करताना जे हरवते ते त्या कारकुनाच्या कानाला कळले असावे. यात साक्षीदार जोनची स्मरणशक्ती आहे, कारकुनाची निवड आहे, मार्जरीचे बोलणे आहे. तिघांपैकी या गद्याचा कर्ता कोण? पंचवीस वर्षांपूर्वी मी म्हटले असते की, कर्ता नाही म्हणून हे वाङ्मय नाही. आज तसे म्हणायची माझी छाती नाही.

मार्जरीच्या खटल्यात एक मोलकरीणही साक्षीला आली. उपासाच्या दिवसांतल्या एका शनिवारी तिला मार्जरीच्या घरी पाठवले होते. चुलीवर झाकलेले पितळी भांडे दिसले, झाकण काढले, तर आत ओटच्या भरडीत डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा शिजत होता. मार्जरीला शिक्षा झाली ती गावच्या चर्चभोवती रविवारी आणि बाजारात फटके खात फिरण्याची.

पुस्तके जप्त होत, तेव्हा पाठांतर उपयोगी पडे. जॉन फॉक्सने सोळाव्या शतकात बिशपांच्या दप्तरांतून आणि लोकांच्या आठवणींतून हुतात्म्यांचा जो प्रचंड ग्रंथ रचला, त्यात ॲलिस कॉलिन्स नावाची बाई भेटते. दहा आज्ञा आणि पीटर व जेम्स यांची पत्रे तिला तोंडपाठ. बर्फर्डला मंडळी जमली की, तिला म्हणायला बोलावणे जाई. त्याच ग्रंथात आहे की, जेम्सच्या किंवा पॉलच्या पत्रांतल्या थोड्याशा इंग्रजी प्रकरणांसाठी कोणी गाडीभर गवत दिले. गवताची गाडी म्हणजे हिवाळ्यात जनावर जगवण्याची बेगमी. फॉक्स पक्षपाती आहे हे मान्य करूनही हे गवत मला खरे वाटते. रचणाऱ्याने चांदीची नाणी घातली असती.

हडसन यांनी आपल्या १९८८ च्या ग्रंथाला 'अकाली धर्मसुधारणा' अशा अर्थाचे नाव दिले. त्यांच्याइतके या मजकुरांसाठी कोणी राबलेले नाही, म्हणून संकोचानेच म्हणतो, तो 'अकाली' शब्द मला पटत नाही. लूथरपाशी उभे राहून मागे पाहिले तर हे लोक शंभर वर्षे लवकर आलेले दिसतात. पण गवत देणाऱ्या त्या माणसाला ती पाने त्याच हिवाळ्यात हवी होती.

त्या मुलीला आता कोणते वाक्य सांगू? एकच निवडायचे तर लॉडन गावच्या हॉइसिया मून हिच्या कागदातले. ही चांभाराची बायको. तिच्यावरचा आरोप असा की, पाखंडाच्या गुप्त शाळांना ती जाई. आणि चांगल्या वर्तनाचा कोणीही पुरुष वा बाई हाच खरा धर्मगुरू, प्रतिमांना मान देऊ नये, यात्रा करू नये, असे ती मानी. ४ ऑगस्ट १४३० ला नॉरिचला बिशपच्या वाड्यातल्या प्रार्थनामंदिरात तिने हे सारे सोडल्याचे कबूल केले. कबुलीजबाब तिला समजावा म्हणून इंग्रजीत केलेला होता, आणि आपण काय सोडतो आहोत ते नीट कळावे म्हणून त्यात तिची सगळी जुनी मते एकेक करून, स्पष्ट, सोप्या इंग्रजीत लिहिलेली होती. तिने सहीच्या जागी स्वतःच्या हाताने क्रूस काढला. कागदाच्या दोन प्रती होत्या. एक बिशपच्या दप्तरात गेली. दुसरी बिशपच्या शिक्क्यानिशी हॉइसियाला देण्यात आली, मरेपर्यंत जवळ ठेवण्यासाठी.